निराधार तक्रार आणि घरमालक
जुन्नरला नगरपरिषद, तर आंबेगाव तालुक्यातील मंचरला नगरपंचायत आहे. घर धोकादायक असल्याची भाडेकरूची तक्रार निराधार असली, तरी तेथून आलेल्या नोटिशीला घरमालकाने मुदतीत लेखी उत्तर द्यावे; दुरुस्तीच्या पावत्या जोडून स्थळपाहणीची मागणी करावी व पोच घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असलेल्या भागात करार नोंदणीकृत नसल्यास कलम ५५ नुसार अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ओळखीवर, तोंडी बोलीने दिलेली खोली येथेच महागात पडते. रागाच्या भरात पाणी वा वीज तोडणे तर कलम २९ अन्वये शिक्षापात्र. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली कारवाई होऊ शकते. मात्र त्यासाठी न्यायालयात लेखी तक्रार संबंधित अधिकाऱ्यानेच करावी लागते.