डोळ्यातून मूत्रपिंडाकडे

डोळ्याच्या वैद्याला मूत्रपिंडाशी काय कर्तव्य? पण ओयगेन फॉन हिप्पेल या जर्मन नेत्रवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांच्या गाठी वर्णिल्या, आणि १९२६ साली स्वीडनच्या आर्विड लिंडाऊने त्यांचा लहान मेंदूतील गाठींशी संबंध जोडला. मूत्रपिंडातील गाठीही याच रोगाच्या. रोगाला दोघांचे नाव मिळाले. आईबापांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. दागिन्यांबरोबर असलाही वारसा उतरतो! म्हणूनच अशा घराण्यांत मुलांचे डोळे लहानपणापासून तपासतात.

दोषी जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर १९९३ साली सापडले. प्राणवायू कमी पडला की पेशीतील एक प्रथिन नव्या रक्तवाहिन्या मागविते. हे जनुक एरवी त्याला आवरते. ते बिघडले की भरपूर हवेतही पेशी गुदमरल्यासारखी वागते. नवल हे की, घराण्यात हा रोग नसलेल्यांच्या मूत्रपिंडाच्या सर्वसामान्य कर्करोगातही बहुधा हेच जनुक बिघडलेले आढळते. फक्त तो बिघाड जन्मानंतरचा. या रोगावर काम करणाऱ्या विल्यम केलिन यांना २०१९ साली दोघांसह नोबेल मिळाले, आणि २०२१ साली त्या प्रथिनाला अडविणारी बेलझुटिफान ही गोळी अमेरिकेत मान्य झाली.