संधिवाताभ संधिशोथ : दाहाचे अधिजनुकीय नियमन

डीएनएमधील क्रम न बदलता जनुकांचे कार्य कमी-जास्त करून सांध्यातील दाह टिकवून धरणारी यंत्रणा. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला संधिवाताभ संधिशोथ झाला, तरी दुसऱ्याला तो बहुधा होत नाही. म्हणजेच केवळ आनुवंशिकतेने या रोगाचा उलगडा होत नाही. रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातील फायब्रोब्लास्ट पेशींत डीएनएचे मिथिलीकरण (डीएनएला मिथिल गट जोडले जाणे) घटलेले असते, हे झुरिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. त्यामुळे एरवी दबलेली जनुके सक्रिय होतात. या पेशी कूर्चा झिजवणारी विकरे स्रवतात आणि प्रयोगशाळेत वाढवल्या तरी आक्रमक राहतात. नियमनाचा दुसरा मार्ग म्हणजे जनुकांचे कार्य दाबणारे मायक्रोआरएनए : त्यांपैकी मायक्रोआरएनए-१५५ हा रेणू मॅक्रोफेज पेशींतील शिप-१ या दाहरोधक प्रथिनाची निर्मिती दाबतो. परिणामी टीएनएफ हे दाहकारक प्रथिन वाढते. हे अधिजनुकीय बदल उलटवता येण्याजोगे असल्याने ते नव्या औषधांचे महत्त्वाचे लक्ष्य ठरले आहेत.