फडक्यांच्या प्रेमकथा आम्हाला का आवडत नाहीत?

ना. सी. फडके आम्हाला आवडत नाहीत असे म्हटले, की डोंबिवलीतले ज्येष्ठ वाचक हमखास विचारतात, "आता प्रेमकथेतही जात आणणार का तुम्ही?" आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. जात जिथे असायलाच हवी होती, तिथून ती गायब केली गेली, ही आमची तक्रार आहे.

आपला हा पट्टा वाचणाऱ्यांचा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. अशा वाचनालयांतून महाराष्ट्रभर ज्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या घरी गेल्या, त्यांत फडक्यांचा वाटा मोठा. 'जादूगार', 'दौलत' धरून त्यांनी सत्तरच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९६२ मध्ये पद्मभूषण. त्या वाचणाऱ्या बायांना आम्ही हसत नाही. आमच्याही वस्त्यांतल्या शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या बायांनी त्या वाचल्या आहेत. लग्न म्हणजे वडीलधाऱ्यांचा व्यवहार असे मानणाऱ्या काळात मुलीलाही पसंती-नापसंती असते, हे या माणसाने सोप्या, लाघवी मराठीत सांगितले. तेवढे श्रेय त्यांचे.

पण पसंती कोणातून? कॉलेज, बंगला, मोटार, टेनिस. तो देखणा, ती सुंदर, दोघेही पांढरपेशे. मग गैरसमज, कुणीतरी तिसरा, थोडा विरह. या देशात प्रेमाच्या आड येणारी सर्वांत उंच भिंत मात्र बहुतेक कथानकांत नाहीच. ती ओलांडावी लागत नाही, कारण सगळी पात्रे आधीपासून भिंतीच्या एकाच बाजूला उभी असतात! आडनाव वाचून वाचकाला ते कळते. लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. 'कलेसाठी कला' हे तत्त्व अशा वेळी फार सोयीचे पडते.

१९२७ साल घ्या. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी प्राध्यापक फडक्यांचे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. विषय लैंगिक प्रश्न, आणि मागणी भारतात सुप्रजाशास्त्राची चळवळ उभी करण्याची. प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. सुप्रजाशास्त्र म्हणजे कोणी कोणाशी लग्न करावे आणि कोणाला मुले व्हावीत, याचा वंशाच्या हिशेबाने केलेला विचार. मराठी प्रणयाचा सम्राट आणि सुप्रजेचा पुरस्कर्ता एकच माणूस होता, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही.

बाबासाहेब संततिनियमनाच्या विरोधात नव्हते. 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले. पण त्यांची काळजी बाईच्या शरीराची आणि गरिबाच्या संसाराची होती. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी सुप्रजेच्या नावाने होणारे जातीचे समर्थन खोडून काढले आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. म्हणजे प्रेम हा विषय आमच्यासाठी कधीच हलकाफुलका नव्हता. तो जातिअंताच्या कार्यक्रमाचा गाभा आहे, आणि म्हणून त्यावर लाखोंनी वाचलेले काय आहे, याचा हिशेब आम्ही मागणारच.

"त्या काळात असे कुठे घडत होते?" असेही विचारले जाते. सावित्रीमाईंनी ऑगस्ट १८६८ मध्ये जोतिबांना लिहिलेले पत्र वाचा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतली सार्जा यांचे प्रेम जडले, ती गरोदर होती. गाव दोघांना मारायला निघाले होते. माई मध्ये पडल्या, जीव वाचवला आणि त्यांना जोतिबांकडे पाठवले. फडक्यांनी हे पत्र वाचले असेल, नसेल. अशा सार्जा मात्र गावोगाव होत्या.

फडक्यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे नितीन आगे हा आमचा शाळकरी पोरगा, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून मारला गेला. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. 'सैराट' २०१६ चा. मराठी माणसाला जातीसकट प्रेमकथा झेपत नाही, हा समज त्या गर्दीने तरी खोटा पाडला.

आंतरजातीय लग्न करू पाहणारी जोडपी कल्याण-उल्हासनगर भागात आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो विशेष विवाह कायद्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीचा. फलकावर नाव-पत्ता लागतो, कोणीतरी ओळखीचा वाचतो, संध्याकाळपर्यंत घरी फोन. मुलीचा मोबाइल काढून घेतला जातो, तिला मामाच्या गावी पाठवतात. हे तीस दिवस ज्या मुलीने काढले, तिच्यावर कादंबरी लिहायला आता कोणीतरी बसायला हवे. आमच्या अभ्यासवर्गातल्या दोघी जणी लिहीत आहेत. पुढच्या रविवारी पहिले प्रकरण वाचायचे आहे. त्याआधी माईंचे पत्र सगळ्यांनी वाचून यावे.

जय भीम!