खिरीचा सण, बिरड्याचा सण आणि कोकणातले शनिवार तेली

मागच्या काही भागांखाली एक प्रश्न सारखा येतोय. धर्मग्रंथात सांगितलेले सण जसेच्या तसे, माणसांनी नंतर घातलेली भर न मिसळता पाळता येतात का? बायबल वाचणाऱ्यांमध्ये हा वाद फार जुना आहे. अनुवादाच्या पुस्तकात बजावलंय की दिलेल्या आज्ञेत काही वाढवू नका, त्यातून काही काढू नका. ऐकायला सोपं वाटतं. आज आपण असा एक समाज बघू ज्याच्याकडे वाढवायला पंडित नव्हते आणि पडताळून बघायला पोथीही नव्हती. तो समाज आपल्या अलिबागजवळचा आहे.

बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. ती नेमकी कुठल्या शतकातली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. हे लोक गावोगाव पांगले, तेलघाणे चालवू लागले, आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी झाली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. हिब्रू विसरली होती, राहिली होती फक्त ‘शेमा’ ही प्रार्थना. पण सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, शब्बाथ आणि काही सण टिकून होते.

या सणांची नावं बघा, मला ती भयंकर आवडतात. हाइम सॅम्युएल केहिमकर या बेने इस्राएल इतिहासकाराने 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या पुस्तकात ती नोंदवली आहेत. पुस्तक छापलं गेलं थेट 1937 मध्ये, तेल अवीवला. प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे योम किप्पूर, तो यांचा ‘दारफळणीचा सण’. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, कडक उपास, बाहेरच्या कुणाचा स्पर्श नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी. वल्हांडण म्हणजे ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी हे आंबट रस ठेवायचं मातीचं भांडं, ते या सणाला झाकून ठेवायचं. का? ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आता निर्गम पुस्तकातला 12 वा अध्याय काढा. तिथे आज्ञा आहे की वल्हांडणाला घरात खमीर नको, म्हणजे आंबवलेलं काही नको. भात खाणाऱ्या कोकणात खमिराची भाकरी कुठून येणार? पण आंबट मडकं होतं. कारण विसरलं, झाकण मात्र बसत राहिलं.

तिश्री महिन्यातच ‘खिरीचा सण’, नव्या धान्याची खीर करून. काही अभ्यासक त्याचं नातं मांडवांच्या सणाशी जोडतात. अव महिन्याच्या नवमीला जगभरचे यहूदी जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं म्हणून शोक करतात. कोकणात तो ‘बिरड्याचा सण’, जेवणात वालाचं बिरडं. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’.

आणि हनुका? तो माहीतच नव्हता. हनुका तोरातला सण नाही. इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास मक्काबींनी मंदिर परत शुद्ध केलं, त्याची ती आठवण. केहिमकरांसारख्यांचा तर्क असा की आपले पूर्वज त्याआधीच निघाले असणार. तर्क आकर्षक आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. एखादी गोष्ट माहीत नसणं हा ती घडायच्या आधी निघाल्याचा पुरावा होत नाही, विसरूनही जाता येतं.

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा, हाच तो न मिसळलेला धर्म. थांबा. याच यादीत आणखी नावं आहेत: ‘नव्याचा रोजा’, ‘सबाबी रोजा’, अलूल महिन्यातल्या उपासांचा ‘रमजान’, आणि ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. ऐकलंत शब्द? आधीचे सगळे ‘सण’, हे ‘रोजे’ आणि ‘उरूस’. केहिमकर सांगतात की हा दुसरा थर, डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूने समाजाला पुन्हा धर्म शिकवला त्यानंतरचा. शब्द मुसलमान शेजाऱ्यांचे, उपास यहूद्यांचे. आणि हे उपास लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायातल्या यादीत नाहीतच. ते नंतरच्या परंपरेतून आलेले.

अजून गंमत म्हणजे ‘नव्याचा सण’, म्हणजे यहूदी नववर्ष. लेवीयात त्या दिवसाला नववर्ष म्हटलेलंच नाही. तिथे फक्त सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे, विश्रांतीचा आणि कर्णे वाजवण्याचा. म्हणजे जुन्या थरातही माणसाचा हात लागलेला आहेच.

मग 1826 च्या सुमारास कोचीनहून यहूदी शिक्षक आले. 1829 ला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत उतरले, आणि त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांना हवं होतं यांनी ख्रिस्ती व्हावं, झालं उलटंच. लोक हिब्रू शिकले आणि अधिक पक्के यहूदी झाले. मडकं झाकण्याच्या जागी पूर्ण सेदेर आला. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात.

पण सेदेर तरी कुठला? निर्गमात कोकरू, बिनखमिराची भाकर आणि कडू भाजी आहे. द्राक्षारसाचे चार पेले नाहीत, ते मिश्नात आहेत, म्हणजे इसवी सन 200 च्या आसपास संकलित झालेल्या रब्बींच्या ग्रंथात. थोडक्यात, सुधारणा म्हणून जे आलं ते बाहेरच्या विद्वानांची परंपरा होती. बेने इस्राएलांनी तीही घेतली आणि द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत ठेवलं.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. इस्राएल झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या संस्थेने सूचना काढली की यांच्यापैकी कुणाचं लग्न इतर यहूद्याशी लावायचं असेल तर आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासा. शंका कशाची? यांच्या पूर्वजांना घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते, मग एखाद्या बाईचं दुसरं लग्न कायदेशीर होतं का? सूटपत्राची मूळ आज्ञा अनुवादात आहे. पण कागद कसा लिहायचा, साक्षीदार कोण चालतात, हे रब्बींनी नंतर ठरवलेलं. म्हणजे शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवलेल्यांच्या नातवंडांना विचारलं जात होतं, तुमच्या पणजीचा कागद कुठाय?

लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने यहूदी आहेत. त्यानंतर रब्बींनी त्या सूचनेतून समाजाचं नाव काढलं. शंका आली तर कुणाचीही चौकशी, अशी तिची भाषा झाली.

आता मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे एलियाहूच्या रथाची खूण उमटली अशी श्रद्धा आहे, आणि लोक तिथे मलिदा घेऊन जातात. तोरात मलिदा नाही, मिश्नात नाही, जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहूदी समाजात नाही. कोचीनच्या शिक्षकांनी तो आणला नाही आणि मिशनऱ्यांनीही नाही. बेने इस्राएलांनी मडक्याचं झाकण सोडलं, पण मलिदा सोडला नाही. आज इस्राएलमध्ये लग्नाआधी, नवस फेडताना त्यांच्या घरी तो होतो, आणि ताटात पोहेच असतात.