कंपाउंडरचे ऋण

सोलापुरात औषधाच्या दुकानाला बोलताना सर्रास 'मेडिकल' म्हणतात, पण दुकानाच्या पाटीवर बहुधा 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' अशी अक्षरे असतात आणि ही अक्षरे मालकाच्या हौसेने आलेली नसून कायद्याने ठरवून दिलेली आहेत. औषध नियम 1945 मधील नियम 65 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्ट, म्हणजे राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला औषधतज्ज्ञ, ज्या दुकानात आहे परंतु चिठ्ठीबरहुकूम औषध तयार करून देण्याची सोय जेथे नाही, त्या दुकानाने हे नाव लावायचे असते. 'फार्मसी' हे नाव औषध बनवून देणाऱ्याला, तर 'ड्रगस्टोअर' हे फार्मासिस्टची गरज नसलेल्या दुकानाला. या व्यवसायाची जिल्हा संघटनाही 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' हेच नाव मिरवते, म्हणजे औषध बनवण्याचे काम हातून गेल्याची कबुली तिच्या नावातच आहे, आणि तिच्यातील नेतृत्वाचा व कृतज्ञतेचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

औषध बनवण्याचे काम पूर्वी कंपाउंडर करीत असे. त्याच्याही आधी काष्ठौषधी, म्हणजे मुळ्या, साली, हिरडे-बेहडे, त्या विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातून येत. इंग्रजी औषधे आली तसा डॉक्टरच्या दवाखान्यात पडद्यामागे उभा राहून मिश्रण करणारा हा मदतनीस आला. 1877 मध्ये सुरू झालेल्या कापडगिरणीने सोलापूरला कामगारांचे शहर केले. मराठी, कन्नड आणि विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू अशा तीन भाषा येथे एकाच गल्लीत नांदू लागल्या. अक्षरओळख नसलेल्या रोग्याला मात्रा समजावी म्हणून कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवी, तिच्या कडेला कात्रीने सारख्या अंतरावर दाते पाडलेले असत, आणि एका वेळी एका दात्यापर्यंत औषध घ्यायचे एवढी खूण कोणत्याही भाषेवाचून पटत असे. त्या पट्टीत जे कसब होते, त्याला प्रमाणपत्र मात्र नव्हते.

हे प्रमाणपत्र आले ते वरून. भेसळ आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारींमुळे 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. औषधांवर केंद्रीय नियंत्रण असावे आणि ती हाताळणारा माणूस शिकलेला असावा, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि 1935 मध्ये संयुक्त प्रांतात व्यावसायिकांची संघटना उभारली, जी पुढे 1939 मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन या नावाने देशव्यापी झाली. आधी वर्ग, मग संघटना, मग कायदा या क्रमाने त्यांचे नेतृत्व चालले, आणि पुढच्या अनेक पुढाऱ्यांना हा क्रम साधला नाही. 1940 चा औषध कायदा आणि 1948 चा फार्मसी कायदा ही त्या पिढीची मिळकत होय.

फार्मसी कायद्याने एक उदार गोष्ट केली, ती म्हणजे पहिल्या नोंदवहीत पदवी-पदविकाधारकांबरोबरच दवाखान्यात किंवा रुग्णालयात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यांनाही जागा दिली. पडद्यामागचा कंपाउंडर असा नोंदणीकृत झाला. परंतु चिठ्ठीवरचे औषध केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे हे सांगणारे कलम 42, ज्या राज्यांनी आधी अधिसूचना काढली नव्हती तेथे, 1 सप्टेंबर 1984 रोजी लागू झाले; कायदा झाल्यापासून छत्तीस वर्षांनी!

दरम्यान दुकानदारांची संघटना बळावली. 1975 मध्ये अखिल भारतीय पातळीवर औषधविक्रेत्यांची संघटना स्थापन झाली. कल्याणचे जगन्नाथ तथा अप्पासाहेब शिंदे, जे विधान परिषदेचेही सदस्य होते, तिचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिले, आणि आज बारा लाखांहून अधिक सभासद असल्याचे ती सांगते. नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के आणि इतरांवर साधारण 20 टक्के नफा, ज्याला व्यापारात 'मार्जिन' म्हणतात, हे छोट्या दुकानदाराच्या जगण्याचे गणित तिने राखले, याबद्दल तालुक्याच्या गावातला दुकानदार तिचा ऋणी असणे स्वाभाविक आहे. हेच बळ पुढे अडसरही झाले. नवा वितरक नेमण्यास संघटनेचे ना-हरकत पत्र लागावे या प्रथेवर स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये बोट ठेवून सुमारे 47 लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमारास, 2011 ते 2014 या काळात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला तेव्हा दुकानदार संतापले. खरे तर तो आग्रह श्रॉफ यांच्या पिढीचाच होता, आणि त्याला विरोध करताना संघटनेने आपल्याच पूर्वजांचे म्हणणे नाकारले.

कृतज्ञतेची रीत याच ताणातून समजते. वार्षिक सभेत शाल, श्रीफळ, मानपत्र आणि शेवटी आभारप्रदर्शन हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही संस्थेचा. पण आभार आणि ऋण यांत मराठी फरक करते, आभार सभेतच फिटतात, ऋण फिटत नाही. नेत्याच्या वाढदिवशी रक्तदान शिबिर भरवण्याची संघटनेतील पद्धत त्यातल्या त्यात बरी, कारण तेथे ऋण नेत्याकडे न जाता अनोळखी रोग्याकडे वळते. सोलापूरला असे वळवलेले ऋण परके नाही. येथे 1910 मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये रुग्णसेवेसाठी चीनला गेले आणि 1942 मध्ये तेथेच वारले, आणि परक्या देशाने जपलेले त्यांचे स्मरण सोलापूर स्वतःही जपते. 1963 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही डॉ. वैशंपायन यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. डॉक्टरांना अशी स्मारके मिळाली, तर औषध देणाऱ्याच्या वाट्याला बिलाच्या पाठीवर लिहिलेले 'सकाळ-संध्याकाळ' आले. 2020 च्या टाळेबंदीत औषधदुकाने उघडी राहिली, तरी आरोग्यसेवकांसाठीच्या 50 लाखांच्या विमा योजनेत आपल्यालाही घ्यावे अशी मागणी विक्रेत्यांना करावी लागली.

संघटनेतल्या सत्कारांत एक भर घालण्यासारखी आहे. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या दुकानांच्या माळ्यावर चिठ्ठ्यांच्या नोंदवह्या, तराजू, खल-बत्ते आणि सभांची इतिवृत्ते असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी जिल्हा संघटनेने मागून घ्यावीत आणि अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या स्वाधीन करावीत. दात्यांची पट्टी असलेली एखादी बाटली सापडल्यास तीही.