तळ एकदा ठरतो, कोन रोज

दुरुस्तीला आलेल्या स्पीडबोटीचं मी आधी इंजिन बघत नाही, मागच्या फळीखालच्या दोन स्टीलच्या पट्ट्या बघतो. त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. त्यांच्यावर शेवाळ आणि कालवं जमली असतील तर चालवणारा त्या वापरतच नाही, हे कळतं. ‘बोट डिझेल फार खाते’ ही तक्रार निम्मी तिथेच सुटते. मुंबई बंदरात इनबोर्ड इंजिनांखाली हात काळे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मालक तळाचं कौतुक करतात आणि ट्रिमला वरचं सामान समजतात. माझं म्हणणं असं की दोन्हींचा इतिहास एकच आहे.

बोट पाणी कापत जाते तोवर तिचा वेग तिच्या लांबीला बांधलेला असतो. त्यापलीकडे जायचं तर तिला पाण्यावर चढावं लागतं, तळ्यात फेकलेला चपटा दगड टप्पे घेतो तसं. ही कल्पना 1872 मध्ये ब्रिटिश आरमारापुढे मांडली ती एका पाद्र्याने, ससेक्समधल्या चार्ल्स मीड रॅमस यांनी. तळाला पायरी द्यायची, म्हणजे बोट उचलली जाईल. विल्यम फ्रूड यांनी नमुने पाण्यात ओढून पाहिले. त्या काळच्या अवजड वाफेच्या इंजिनांना एवढी ताकद झेपणारी नव्हती. कल्पना बरोबर होती, पण तिला हलकं पेट्रोल इंजिन येईपर्यंत थांबावं लागलं.

मग मात्र वेग सुटलाच. अमेरिकेच्या गार वुड यांची ‘मिस अमेरिका टेन’ 1932 मध्ये ताशी 124 मैलांच्या पुढे गेली. चार पॅकार्ड इंजिनं, मिळून 6400 अश्वशक्ती. पण असले विक्रम सपाट पाण्यावरचे. सपाट तळ पटकन वर चढतो, कमी ताकदीत पळतो आणि पहिल्या मोठ्या लाटेवर असा आपटतो की माणसाची कंबर आणि बोटीचे सांधे एकदमच ढिले होतात.

यावरचा तोडगा रे हंट यांनी काढला. त्यांनी तळाला खोल ‘व्ही’चा आकार दिला आणि तो पुढून मागेपर्यंत जवळपास तसाच ठेवला, सुमारे 24 अंशांचा. 1958 मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कप शर्यतीच्या वेळी डिक बर्ट्रम यांनी हंट यांची 23 फुटी बोट खवळलेल्या पाण्यात पळताना पाहिली आणि 30 फुटी लाकडी बोट बांधवून घेतली. नाव ठेवलं ‘मॉपी’, बायकोचं लाडकं नाव. 1960 च्या मायामी–नासाऊ शर्यतीत समुद्र चांगलाच उठला होता. मॉपी आठ तासांत पोहोचली. दुसरी आलेली बोटही हंट यांचीच. बाकीच्या दुसऱ्या दिवशी आल्या. लगेच मॉपीवरून साचा काढून फायबरग्लासची ‘बर्ट्रम 31’ बाजारात आली. हंट यांना मात्र पेटंट मिळालं नाही, कारण आराखडा आधीच एका मासिकात छापून गेला होता. मग काय, ज्याने त्याने ‘व्ही’ उचलला.

पण खोल ‘व्ही’ने लाट सोसली ती फुकट नाही. असा तळ सपाट तळाइतका उचल देत नाही. चढताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे जाते, समोरचं दिसत नाही. बाजूने वारा असला की बोट वाऱ्याकडे कलते, कारण चालवणारा तिकडे सुकाणू धरून असतो. त्यात इनबोर्डची गोष्ट वेगळी. तिचा शाफ्ट तळातून तिरका बाहेर पडतो आणि तो कोन बोट पाण्यात उतरते त्या दिवशी कायमचा ठरतो. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये जिम विन यांच्या कल्पनेवरून अ‍ॅक्वामॅटिक आणलं. त्यात इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर. असा पाय पुढे हायड्रॉलिकने मागे-पुढे करता येऊ लागला. शाफ्टवाल्या बोटीला ती सोय नाही. नाळ खाली बसावी म्हणून तिच्या मागच्या तळाखाली पूर्वी पाचर ठोकायचे. तीच पाचर बिजागरीवर बसवून हलती केली की झाली ट्रिम टॅब.

पळताना बोटीची नाळ किती कोनात वर हवी, याचं गणित डॅनियल सावित्स्की यांनी 1964 मध्ये मांडलं. साधारण चार-पाच अंशांवर पाण्याचा विरोध सर्वांत कमी. त्याहून कमी कोनात जास्त तळ पाण्याला घासतो, जास्त झाला तर बोट वर चढण्यातच ताकद घालवते आणि उड्या मारू लागते.

या सगळ्यात आमच्या मुंबईचाही एक माणूस आहे. रेनातो ऊर्फ सनी लेव्ही, कराचीत जन्मलेले इटालियन. विमानांचं शिक्षण घेऊन ते मुंबईत वडिलांच्या बोटींच्या कारखान्यात काम करू लागले. पुढे इटलीत जाऊन त्यांनी पुढे निमुळता, मागे रुंद असा ‘डेल्टा’ तळ घडवला. त्यांची ‘अ स्पेरान्झिएला’ 1963 ची काउझ–टॉर्की शर्यत जिंकली. 1986 मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या ज्या बोटीने 3 दिवस 8 तास 31 मिनिटांत अटलांटिक पार केला, तिचा आराखडाही लेव्हींचाच. त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘धाऊज टु डेल्टाज’. त्यातला प्रवास अरबी गलबतांपासून सुरू होतो, हे मला फार आवडतं.

आता मांडव्याहून गेटवेकडे दुपारी निघा. वायव्येचा वारा डाव्या नाळेवर येतो, बोट डावीकडे कलते. डावी पट्टी थोडी खाली करा, डावी बाजू उचलते, उजवी नाळ बसते. बटणांवर पट्टीचं नव्हे, नाळेचं काम लिहिलेलं असतं, म्हणून तारा उलट बाजूंना जोडलेल्या असतात. नवशिका तिथेच गोंधळतो. समोरून लाट असेल तर दोन्ही पट्ट्या थोड्या खाली, म्हणजे धारदार नाळ लाट कापते. गेटवेहून मांडव्याला जाताना लाट मागून येते, तेव्हा पट्ट्या वरच ठेवा; नाहीतर नाळ पाण्यात रुतून बोट आडवी फिरेल.

आता ही कामं आपोआप करणारी यंत्रं आली आहेत. मालक विचारतात, बसवू का? मी म्हणतो, खुशाल बसवा. पण यंत्राला बोट सरळ ठेवता येते, मागून येणारी लाट बघून आधीच पट्ट्या वर घेणं चालवणाऱ्याचं काम. हंट यांनी समुद्राचा विचार करून तळ दिला. त्या दिवशीचा समुद्र कसा आहे, हे कोणत्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. तेवढा हिशेब त्यांनी चालवणाऱ्यावर सोडला आहे, आणि तो ज्याला जमत नाही त्याला मी नवीन इंजिन घ्यायचा सल्ला देत नाही.