पान्हा, रतीब आणि आरेचे गोठे

म्हैस मुळात सावध जनावर. गाईच्या कासेतलं जवळपास पाचव्या हिश्श्याचं दूध धार काढण्याआधीच खाली उतरलेलं असतं. म्हशीच्या बाबतीत हाच हिस्सा जेमतेम विसावा. बाकीचं सगळं वर, कासेच्या बारीक जाळ्यात अडकून राहतं. रेडकानं ढुशी दिली, सड चोखले, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि पान्हा फुटतो. रेडकू जवळ नसेल, धार काढणारा अनोळखी असेल किंवा गोठ्यात गलका असेल, तर बादली अर्धीच भरते. मुंबईच्या दूधधंद्याचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरत आला आहे. शहराला नुकतीच व्यालेली म्हैस हवी होती, पण तिचं पोर नको होतं. आणि गंमत अशी, की त्या म्हशीची धार काढणाऱ्या माणसाचं बिऱ्हाडही नको होतं.

मुंबईचे जुने तबेले म्हशी वाढवत नसत, विकत आणत. जाफराबादी, मेहसाणी, मुऱ्हा अशा नामांकित जातींच्या ताज्या व्यालेल्या म्हशी गुजरात-पंजाबकडून रेल्वेच्या वाघिणीतून रेडकासकट यायच्या. पुढचे आठ-दहा महिने दूध. मग म्हैस आटली की मालकापुढे हिशेब उभा राही: तिला पुन्हा गाभण करायची, दहा-साडेदहा महिने पोसायची, तेही मुंबईच्या जागेत आणि मुंबईच्या भावाच्या कडब्या-पेंडीवर? त्यापेक्षा भाकड म्हैस वांद्र्याच्या कत्तलखान्याची वाट धरे आणि दावणीला नवी येई. देशातल्या उत्तमोत्तम म्हशी अशा ऐन उमेदीत शहरांत संपतात, ही तक्रार सरकारी पशुवैद्य स्वातंत्र्याच्या आधीपासून करत होते. रेडकाची गत याहून वाईट. ते पिईल तेवढं दूध रतीबातून वजा होणार; म्हणून पान्हा सोडण्यापुरतं त्याला सडाला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. बहुतेक रेडकं फार दिवस काढत नसत. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची युक्ती जुनीच होती. त्याहून क्रूर होता तो फुंका: जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून पान्हा सोडवायचा.

याच फुंक्याचं वर्णन वाचून-ऐकून गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच दूध सोडलं होतं. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यातल्या धावपळीनंतर ते मरणाच्या दारात गेले. डॉक्टर दुधाचा आग्रह धरत होते आणि हे व्रतावर अडून बसले होते. तेव्हा खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवलं, की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, मग बकरीचं घ्यायला काय हरकत? १९१९च्या सुरुवातीला गांधीजी बकरीच्या दुधावर आले, आणि शब्द पाळला पण व्रताचा आत्मा गेला ही रुखरुख त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली. आजाऱ्याच्या घशाखाली दूध कसं उतरवायचं, हा प्रश्न अखेर सोडवला तो घरातल्या बाईनं.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढली, दूध महागलं आणि पातळही झालं. १९४४च्या सुमारास सरकारनं सवलतीच्या दुधाची योजना काढली, ती लहान मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना अग्रक्रम देऊन. पुढच्याच वर्षी गुजरातेतल्या आणंदहून मुंबईला दूध येऊ लागलं; त्याच दुधाच्या भावावरून पेटलेल्या भांडणातून पुढे ‘अमूल’ उभी राहिली. अमूलची गोष्ट आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मुंबईच्या टोकाची बाजू सांभाळणारे दारा खुरोडी मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. मुंबई राज्याचे हे पारशी दूध आयुक्त १९६३मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या बरोबरीनं मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी होते.

खुरोडींचा बेत धाडसी होता. शहरातले तबेले उचलायचे आणि गोरेगावच्या पूर्वेला, डोंगरउतारावरच्या सुमारे ३,१६० एकरांत एकत्र आणायचे. १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत सुरू झाली, १९५१मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हशी खासगी मालकांच्याच राहिल्या. गोठे, पाणी, वैरण आणि डॉक्टर सरकारचे, आणि दूध सरकारी डेअरीला. बत्तीस युनिटं, सोळा हजारांच्या आसपास म्हशी. गोठे धुतलेलं शेणपाणी पॅरा गवताच्या शेतांत सोडायचं आणि तेच गवत पुन्हा गव्हाणीत, असं चक्र बसवलेलं. भाकड म्हशी जगवाव्यात, पारड्या वाढवाव्यात, हाही मूळ कल्पनेचा भाग होता. तो अपुराच राहिला. मालकाचा जुना हिशेब वसाहतीची पाटी लावून बदलत नाही.

रतीब घालणाऱ्याला मुंबई सरसकट ‘भैया’ म्हणते. गोठ्यात धार काढणारेही बहुतेक पूर्व उत्तर प्रदेशातले: जौनपूर, प्रतापगढ, आझमगढ. मध्यरात्र उलटली की यांचा दिवस सुरू. पहिली धार पहाटेच्या आधी, दुसरी दुपारी. मधल्या वेळेत शेण, पाणी, पेंड-भुस्सा, म्हशी धुणं. झोप गोठ्यातच, खाटेवर नाहीतर माचावर, खाली म्हशींचं रवंथ चाललेलं. वर्षा-दीड वर्षानं गावी जायचं झालं तर स्वतःच्या जागी भाऊ नाहीतर चुलतभाऊ बदलीवर आणून ठेवायचा.

या सगळ्यात बायको नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा. आंबोण ठेवणारी, शेण काढणारी, चीक निघाला की खरवस करून शेजारीपाजारी वाटणारी, रात्री व्यायला झालेल्या म्हशीपाशी कंदील घेऊन बसणारी बहुतेक ठिकाणी घरातलीच बाई असते. (दुधाचं बिल पुरुषाच्या नावावर निघतं, ती गोष्ट वेगळी.) गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यात हे सगळं काम पगारी आणि पुरुषी झालं. धार काढणाऱ्याची मुलं आईपाशी जौनपूरकडे वाढली, बाप त्यांना मनिऑर्डरीवरून ओळखीचा. तिकडे दारातली म्हैस तीच बाई सांभाळत होती. तबेलेमालकांची बिऱ्हाडं मुंबईत स्थिरावली, पुढच्या पिढ्या इथंच शिकल्या. गड्यांचं बिऱ्हाड मात्र गावीच राहिलं.

आणि आरेत बायकापोरं आधीपासून होतीच की! जमीन घेतली तेव्हा ती ओसाड नव्हती. खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, मरोशी पाडा, जिवाचा पाडा असे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे त्याच उतारावर भातशेती करत होते, वाघदेवाला पुजत होते. गोठ्यांच्या नकाशात पाड्यांना जागा मिळाली ती कडेला. काहींना वसाहतीत हलक्या कामांच्या नोकऱ्या लागल्या. बायका रानभाज्या, केळी, परसातला भाजीपाला पाटीत घालून गोरेगाव-जोगेश्वरीच्या बाजारात नेत राहिल्या. शहराच्या बाळांसाठी उभारलेल्या या वसाहतीत काही पाड्यांपर्यंत वीज आणि नळ पोचायला २१वं शतक उजाडावं लागलं. गोठ्याला पाणी मात्र पहिल्या दिवसापासून होतं, कारण म्हशीला पाणी कमी पडलं की दूध लगेच कमी होतं.

दुसऱ्या टोकाला अंधेरी, पार्ले, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. आरेचं केंद्र, काचेच्या बाटल्या, त्यांना चमकदार पत्र्याची पातळ टोपणं, दुधाचं कार्ड, आणि उजाडण्याआधीची रांग. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, म्हणून बाटली फोडणाऱ्या पोराला घरी काय प्रसाद मिळत असेल ते सांगायला नको. केंद्रावर पहाटे काम करून मग कॉलेज गाठणाऱ्या मुलामुलींची एक अख्खी पिढी या योजनेनं शिकवली. खुरोडींचा दुसरा शोध टोन्ड दूध: म्हशीच्या सहा-सात टक्के स्निग्धांशाच्या दुधात भुकटी आणि पाणी घालून ते तीन टक्क्यांवर आणायचं, म्हणजे तेवढ्याच म्हशींत जास्त घरं भागतात. पोषणाच्या हिशेबानं ही मोठी करामत होती. पण साय धरत नाही म्हटल्यावर विरजण कशाचं लावायचं आणि तूप कशाचं कढवायचं? सरकारी दूध पोरांसाठी आणि भैयाचं दूध सायीसाठी अशी फाळणी ज्या घरांना परवडली त्यांनी केली. आरे उभी राहूनही उपनगरांतले खासगी तबेले का टिकले, याचं अर्धं उत्तर त्या सायीत आहे.

पुढची उतरण भराभर झाली. १९७०मध्ये दुधाचा महापूर योजना आली, मुंबईला बाहेरून दूध मिळू लागलं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बाटल्या हटवल्या. तबेले डहाणूकडच्या दापचरीला हलवण्याचा घोळ वर्षानुवर्षं चालला. आरेच्या जमिनीतून चित्रनगरी निघाली, वस्त्या वाढल्या, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन रात्रींत दोन हजारांहून अधिक झाडं पडली. तेव्हा आरे म्हणजे जंगल, हे सगळ्यांच्या तोंडी झालं. म्हशी कुणाला आठवल्या नाहीत. गोठे आजही तिथं आहेत.

पान्ह्याची अडचणही तशीच आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं फुंका गुन्हा ठरवला, त्याबरोबर दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी इंजेक्शनंही. तरी देशभरातल्या तबेल्यांत ऑक्सिटोसिनची स्वस्त कुपी पोचली, कारण ती रेडकाचं काम करते आणि दूध पीत नाही. हा गैरवापर रोखायचा म्हणून केंद्र सरकारनं २०१८मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली आणि ते काम एकट्या सरकारी कारखान्याकडे सोपवलं. पण हेच औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी प्रत्येक प्रसूतिगृहात लागतं. तुटवडा पडला तर बाळंतिणी दगावतील, असं सांगत आरोग्य कार्यकर्ते आणि कंपन्या न्यायालयात गेल्या. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. तिला शास्त्रीय आधार नाही आणि बायकांच्या जिवावर काय बेतेल याचा सरकारनं विचारच केलेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१९मध्ये ते प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आलं.